धूर सायलेन्सरमधून, दोष रबरी नळीत

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जुन्या मोटारीच्या मालकाला दर दोन वर्षांनी एका परीक्षेची धास्ती असते. 'स्मॉग चेक' या नावाने ही परीक्षा १९८४ पासून तेथे घेतली जाते. गाडीच्या सायलेन्सरमधून बाहेर पडणारे वायू यंत्राने मोजले जातात, बॉनेट उघडून प्रदूषण रोखणारी सारी साधने जागेवर आहेत की नाहीत हे पाहिले जाते आणि त्यानंतरच प्रमाणपत्र मिळते. प्रमाणपत्र नसेल तर नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. १९७५ किंवा त्यापूर्वीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना या तपासणीतून सूट आहे. त्यानंतरच्या गाड्यांना मात्र वयाची सवलत नाही. २००० सालापासूनच्या गाड्यांची परीक्षा त्यांच्यातील संगणकाला तार जोडून घेतली जाते. त्याहून जुन्या गाड्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष धूरच तपासला जातो.

या परीक्षेत ज्यांची खरी कसोटी लागते, त्यांत ऐंशीच्या दशकातील कार्बोरेटरच्या पिकअप गाड्या येतात. मागे उघडा हौदा असलेल्या या छोट्या गाड्यांवर बागकाम करणाऱ्यांचे, रंगाऱ्यांचे, सुतारांचे पोट चालते. टोयोटाची २.४ लिटरचे '२२आर' इंजिन असलेली पिकअप हे त्यांपैकी सर्वांत परिचित उदाहरण. हे इंजिन दणकटपणासाठी प्रसिद्ध आहे. चाळीस वर्षांनंतरही ते सुरू होते, माल वाहते. अडते ते इंजिनाच्या भोवती. कार्बोरेटरपासून निघालेल्या बारीक रबरी नळ्यांचे जाळे, छोट्या झडपा आणि पत्र्याचे डबे पाहून नवख्या मेकॅनिकलाही घाम फुटतो. गाडी तपासणीत नापास झाली की मालकाला हमखास दोन सल्ले मिळतात. एक, कार्बोरेटरच बदला. दुसरा, हे सारे लटांबर काढून टाका. बहुतेक वेळा हे दोन्ही सल्ले चुकीचे असतात. दोष पुष्कळदा वीतभर रबरी नळीत असतो. तो शोधायचा असेल तर पैशापेक्षा क्रमाने विचार करण्याची अधिक गरज असते.

हे जाळे आले कोठून?

लॉस एंजेलिस हे शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामधील खोलगट भागात वसलेले आहे. वरच्या उष्ण हवेच्या थराखाली धूर कोंडतो. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी कॅलटेक या संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी दाखवून दिले की, तेथील डोळे चुरचुरवणारे धुके हे न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते. मोटारींचा या दोन्हींत मोठा वाटा होता. त्यानंतर नियम एकामागून एक आले. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियाने इंजिनाच्या तेलकुंडातील वाफा परत इंजिनात वळवणाऱ्या झडपेची सक्ती ठरवली. सत्तरच्या दशकात पेट्रोलच्या वाफा धरून ठेवणारा कोळशाचा डबा आला, धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी 'ईजीआर' झडप आली आणि १९७५ च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. ऐंशीच्या दशकात काही कार्बोरेटरना संगणकाचीही जोड मिळाली.

प्रत्येक नव्या नियमाबरोबर मूळ कार्बोरेटरवर एकेक साधन चढत गेले. या साधनांना चालवणारी शक्ती मात्र एकच, इंजिनाचे शोषण. पिस्टन खाली जाताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवा विरळ होते. यालाच मेकॅनिक व्हॅक्यूम म्हणतात. हे शोषण नळ्यांतून झडपांच्या रबरी पडद्यांपर्यंत पोहोचते आणि झडपा उघडते किंवा बंद करते. वाटेत तापमानावर चालणारे व्हॉल्व्ह असतात. इंजिन थंड असताना ते शोषण अडवतात आणि गरम झाल्यावर जाऊ देतात. थोडक्यात, शोषण हा निरोप आहे आणि नळी हा निरोप्या. निरोप्या वाटेतच गळाला, तर पुढची झडप कितीही निर्दोष असली तरी तिचा उपयोग नाही.

तपासणीची चिठ्ठी काय सांगते?

नापास झालेल्या गाडीच्या मालकाला आकड्यांची एक चिठ्ठी मिळते. बरेच जण तिच्यावरील 'नापास' एवढाच शब्द वाचतात. वास्तविक ही चिठ्ठी म्हणजे रोग्याच्या रक्ताचा अहवाल आहे. मोठ्या शहरांच्या परिसरात जुनी गाडी फिरत्या रुळांवर ताशी १५ आणि २५ मैल, म्हणजे सुमारे २४ आणि ४० किलोमीटर वेगाने चालवून तीन वायू तपासले जातात.

कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण 'रिच' आहे. चोक अडकणे, फ्लोटची पातळी वाढणे, हवेचा फिल्टर तुंबणे किंवा कोळशाच्या डब्यातून सतत वाफा ओढल्या जाणे ही त्याची कारणे. हायड्रोकार्बन वाढले, पण कार्बन मोनॉक्साइड कमी आहे, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. ठिणगी नीट पडत नसेल किंवा मिश्रण इतके 'लीन', म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेले झाले असेल की ते पेटतच नाही, तर असे होते. दोन्ही वायू एकत्र वाढले असतील तर मिश्रण रिच असण्याबरोबरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकल्याचीही शंका घ्यावी. नायट्रोजनची ऑक्साइड वाढली असतील तर ज्वलन प्रमाणाबाहेर तापते आहे. ईजीआर बंद पडणे, टायमिंग पुढे सरकणे, मिश्रण लीन होणे किंवा रेडिएटरची थंड करण्याची क्षमता घटणे ही त्याची मुख्य कारणे होत.

समजा, १९८६ च्या एका पिकअपच्या चिठ्ठीत हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड मर्यादेपेक्षा अधिक आहेत आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र अगदी कमी आहे. या गाडीला कार्बोरेटर बदलण्याचा सल्ला देणाऱ्याने चिठ्ठी वाचलेलीच नाही, असे म्हणावे लागेल. पेट्रोल जास्त जात असल्याची येथे एकही खूण नाही. कोठून तरी अनाहूत हवा आत शिरते आहे, हीच पहिली शंका घ्यायला हवी.

आधी पाया, मग कार्बोरेटर

दुरुस्तीचा साधा नियम असा, की स्वस्त आणि मूलभूत गोष्टी आधी तपासाव्यात. स्पार्क प्लग, त्यांच्या वायरी, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, हवेचा फिल्टर आणि इंजिन ऑइल यांपासून सुरुवात करावी. '२२आर' इंजिनात झडपांच्या फटी हाताने लावाव्या लागतात. इंजिन गरम असताना इनटेकची फट ०.२० मिलिमीटर आणि एक्झॉस्टची ०.३० मिलिमीटर हवी. फट नाहीशी झालेली एक्झॉस्ट झडप पूर्ण मिटत नाही आणि न जळलेले मिश्रण बाहेर सोडते. अशा इंजिनावर कितीही नवा कार्बोरेटर बसवला तरी हायड्रोकार्बन कमी होणार नाहीत.

त्यानंतर बॉनेटच्या आतील बाजूस किंवा जवळपास चिकटवलेले लेबल शोधावे. त्यावर टायमिंग, मंद गतीचे फेरे आणि नळ्यांचा नकाशा छापलेला असतो. हा नकाशा त्या विशिष्ट गाडीचा असतो. कॅलिफोर्नियासाठी बनवलेल्या आणि इतर राज्यांसाठी बनवलेल्या एकाच वर्षाच्या दोन गाड्यांचे नकाशेही वेगळे असू शकतात. त्यामुळे शेजाऱ्याची गाडी पाहून नळ्या जोडणे धोक्याचे.

नळ्या तपासताना एका वेळी एकच नळी काढावी, पाहावी आणि परत लावावी. सगळ्या एकदम काढणाऱ्यावर नंतर डोके धरून बसण्याची वेळ येते. चाळीस वर्षे इंजिनाच्या उष्णतेत राहिलेले रबर टोकाशी कडक होते आणि भेगाळते. वरून धड दिसणारी नळी वाकवली की आतील चिरा उघड्या पडतात. टोक पुरेसे लांब असेल तर खराब भाग कापून ते पुन्हा घट्ट बसवता येते; अन्यथा त्याच आतील व्यासाची नवी नळी घालावी. पूर्वी कोणी नळ्या चुकीच्या जोडल्या असतील तर तेही याच वेळी लक्षात येते. ईजीआर झडपेला जाणारी नळी थ्रॉटलच्या वरच्या छिद्राला जोडलेली असायला हवी, कारण मंद गतीत तेथे शोषण नसते. तीच नळी चुकून सरळ मॅनिफोल्डला जोडली, तर झडप मंद गतीतच उघडते आणि इंजिन धडधडून बंद पडते. मालक मग कार्बोरेटरला दोष देत बसतो.

नळ्या झाल्या की शोषण मोजावे. समुद्रसपाटीच्या जवळ निरोगी इंजिन मंद गतीत पाऱ्याच्या साधारण १७ ते २१ इंचांइतके स्थिर शोषण दाखवते. उंचीवर दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी. काटा स्थिर, पण खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे सरकलेले टायमिंग यांचा विचार करावा. कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या गॅस्केटवर पाण्याचा बारीक फवारा मारल्यावर इंजिनाची गती बदलली, तर गळती तेथेच आहे. या कामी ज्वलनशील क्लीनरचा फवारा मारण्याची पद्धत आहे. परंतु शेजारी तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असताना हे आगीला आमंत्रण ठरते. तसेच बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही काम करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो जीवघेणा आहे.

एकेक साधनाची परीक्षा

तेलकुंडाच्या वाफांची पीसीव्ही झडप स्वस्त असते आणि म्हणूनच दुर्लक्षित राहते. इंजिन मंद गतीत असताना ती बाहेर काढून टोकावर बोट ठेवावे. शोषण जाणवले पाहिजे. ती उघडी अडकली तर जास्तीची हवा आत जाते आणि तुंबली तर इंजिनात दाब साठून तेल गळू लागते. आणखी एक उपयुक्त चाचणी अशी, की या झडपेची नळी तात्पुरती बंद केल्यावर कार्बन मोनॉक्साइड एकदम खाली आला, तर इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल मिसळले आहे असे समजावे. तेल बदलावे आणि ते पेट्रोल पंपाच्या फाटक्या पडद्यातून आले का, हे पाहावे.

ईजीआर झडपेची परीक्षा हातपंपाने करतात. इंजिन मंद गतीत असताना झडपेच्या पडद्याला शोषण दिले की झडप उघडून इंजिन अडखळले पाहिजे किंवा बंद पडले पाहिजे. पंपाचा काटा टिकत नसेल तर पडदा फाटला आहे. काटा टिकतो, तरीही इंजिनावर काहीच परिणाम होत नाही, याचा अर्थ झडपेच्या पुढील मार्ग काजळीने बुजला आहे. अशा वेळी नवी झडप आणून पैसे वाया घालवण्यापेक्षा जुनी काढून मार्ग खरवडून साफ करावा. आपल्या उदाहरणातील पिकअपची नळी बदलल्यावर हायड्रोकार्बन खाली आले, पण नायट्रोजनची ऑक्साइड पुरेशी उतरली नाहीत, तर पुढचा मुक्काम हाच.

कोळशाच्या डब्याचे दुखणे बहुधा पेट्रोल पंपावर सुरू होते. टाकी भरल्याची खूण मिळाल्यावरही आणखी थोडे पेट्रोल कोंबण्याच्या सवयीमुळे द्रव पेट्रोल डब्यात शिरते आणि कोळसा भिजतो. मग डब्याच्या वाफा ओढणारी झडप उघडली की मिश्रण रिच होते. टाकीचे झाकणही स्वतंत्रपणे तपासले जाते. झाकणाचे रबर आंबले असेल तर एवढ्यासाठीही गाडी नापास होते.

एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांत एकेरी झडप गळू लागली की तापलेला धूर उलटा येऊन नळी जाळतो. पाय काढल्यावर सायलेन्सरमधून फटाक्यासारखा आवाज येत असेल तर हवा वेळेवर बंद होते का, हे पाहावे. ज्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर आहे, त्यांत एक फसवी गोष्ट संभवते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडातून हवा आत शिरत असेल, तर सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, संगणक मिश्रण लीन झाल्याचे समजतो आणि विनाकारण पेट्रोल वाढवतो. गरम झालेल्या निरोगी सेन्सरचा दाब ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत राहतो. तो एकाच बाजूला खिळला असेल तर आधी गळती शोधावी, सेन्सर नंतर बदलावा.

कार्बोरेटर खरोखर दोषी असेल तर

एवढे सारे झाल्यावरच कार्बोरेटरकडे वळावे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर हवेच्या फिल्टरचे झाकण उघडून चोकची पट्टी उभी, म्हणजे पूर्ण उघडी आहे का, हे डोळ्यांनी पाहता येते. टोयोटाच्या कार्बोरेटरला पुढे काचेची छोटी खिडकी असते. तिच्यातून फ्लोटमधील पेट्रोलची पातळी दिसते. पातळी वर असेल तर फ्लोट किंवा त्याची सुई दोषी. चावी फिरवल्यावर पेट्रोल रोखणाऱ्या सोलेनॉइडचा 'टक' असा आवाज आला नाही, तर मंद गतीचे पेट्रोल बंद आहे. मिश्रणाचा स्क्रू कारखान्यातच धातूच्या टोपणाने झाकलेला असतो. वायू मोजणारे यंत्र हाताशी नसताना तो फिरवणे म्हणजे थर्मामीटरशिवाय तापावर औषध देण्यासारखे आहे.

कार्बोरेटर बदलायचाच असेल तर तेथे आणखी एक अट आहे. कॅलिफोर्नियात मूळ भागाच्या जागी वेगळ्या रचनेचा भाग बसवायचा, तर त्याला राज्याच्या हवा मंडळाच्या मान्यतेचा क्रमांक असावा लागतो. हा क्रमांक नसेल किंवा एखादी झडप काढून तिचे तोंड बुजवलेले असेल, तर सायलेन्सरमधील वायू स्वच्छ असले तरीही गाडी पाहणीत नापास होते. 'सारे काढून टाका' हा सल्ला म्हणूनच महागात पडतो. तसे केल्यावर काही दिवस गाडी चांगली चालल्यासारखी वाटते. परंतु ईजीआर बंद केलेले इंजिन भाराखाली तापते, नॉकिंग करते आणि रिच मिश्रण अतिउष्णतेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळवते. नळीचा खर्च वाचवण्याच्या नादात मालक पुढे कन्व्हर्टरची किंमत मोजतो. वापरातील पिकअप जर यामुळे महिनाभर उभी राहिली, तर तेवढ्या दिवसांचा रोजगारही जातो.

फेरतपासणीला जाताना गाडी किमान वीस मिनिटे चालवून न्यावी. थंड कन्व्हर्टर काम करत नाही आणि तापमानावर चालणाऱ्या झडपाही उघडत नाहीत. केवळ एवढ्या कारणाने धडधाकट गाडी नापास होऊ शकते.

आपल्यासाठी धडा

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आवश्यक झाला, तेव्हा आपल्याकडील कित्येक गाड्या कार्बोरेटरच्याच होत्या. त्यांतील काही ओम्नी, मारुती ८०० आणि जिप्सी अजूनही हौसेने जपल्या जातात. आपल्या पीयूसी तपासणीत अशा गाडीचा धूर उभ्या अवस्थेत मोजला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइड त्यात मोजली जात नाहीत. त्यामुळे तपासणीपुरता स्क्रू पिळून मिश्रण लीन करायचे आणि नंतर पूर्ववत करायचे, ही युक्ती आपल्याकडे खपून जाते. तिने कागद मिळतो, पण दोष तसाच राहतो.

आता त्यात इंधनाच्या बदलाची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे मिश्रण आले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून ठरावीक जेटच्या कार्बोरेटरला ते मूळ मिश्रणापेक्षा लीन करते. शिवाय जुन्या रबराला ते मानवत नाही. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांनी इंधनाच्या आणि शोषणाच्या नळ्या वर्षातून एकदा तरी वाकवून पाहाव्यात, भेगाळलेल्या बदलाव्यात आणि बदललेल्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत याची खात्री करून घ्यावी.

जुनी गाडी भंगारात काढावी की जपावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. जपायची ठरवली, तर तिच्या धुराची जबाबदारीही घ्यावी लागते. त्यासाठी लागणारी साधने मोजकीच आहेत: लेबलवरचा नकाशा, शोषण मोजणारा काटा, हातपंप आणि एका वेळी एकच नळी काढण्याइतका धीर.